घटक ६ : तांत्रिक सूचनांचे मराठी लेखन – वीज परतल्यावर सर्व्हर आपोआप सुरू होणे

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला –
• सूचनापर लेखन हे माहितीपर लेखनापेक्षा वेगळे कसे, हे सांगता येईल.
• ‘करणे’ आणि ‘होणे’ या क्रियापदांच्या आधारे माणसाचे काम व यंत्राचे काम वेगळे दाखवता येईल.
• ‘करा’ आणि ‘करून ठेवा’ या रचनांमधील अर्थभेद स्पष्ट करता येईल.
• वीज गेल्यानंतर सर्व्हर आपोआप सुरू होण्यासाठी कोणती व्यवस्था लागते, हे समजून घेऊन तिचे सूचनापत्रक मराठीत लिहिता येईल.

६.१ प्रास्ताविक

मागील घटकांत आपण कार्यालयीन पत्रव्यवहार व वृत्तलेखन यांचा विचार केला. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात तुलनेने दुर्लक्षित राहिलेला प्रकार म्हणजे तांत्रिक सूचनालेखन. औषधाच्या वेष्टनातील कागद, कृषिपंपाच्या स्टार्टरवरील मजकूर, कीटकनाशकाच्या डब्यावरील इशारा हे सारे सूचनालेखनच होय. २०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या दुर्घटनेमागची कारणे अनेक होती. तथापि सूचना ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत ती त्याच्या भाषेत पोहोचते का, हा प्रश्न या जिल्ह्याला परका नाही.

ललित लेखनातील संदिग्धता अर्थाची समृद्धी ठरू शकते. सूचनेतील संदिग्धता मात्र काम अडवते. म्हणून सूचनालेखनाची परीक्षा एकच : वाचणाऱ्याने ती वाचून योग्य कृती केली का?

या घटकासाठी आपण एक मर्यादित विषय घेतला आहे. वीज गेल्यावर बंद पडलेला सर्व्हर, वीज परतल्यावर कोणाच्याही मदतीशिवाय पुन्हा सुरू व्हावा, यासाठी काय करावे लागते आणि ते मराठीत कसे लिहावे? यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. उमरखेड, झरी जामणी किंवा मारेगाव येथील महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, पतसंस्थेत वा बाजार समितीत एखादा सर्व्हर असतो. तो बसवून देणारा तंत्रज्ञ मात्र बहुधा नागपूर वा अमरावतीला असतो. एप्रिल-मे महिन्यांतील वादळी पावसात रात्री वीज जाते, पहाटे परतते. त्या वेळी सर्व्हरजवळ असतो तो परिचर किंवा चौकीदार. त्याला वाचता येईल अशी सूचना नसेल, तर तंत्रज्ञ येईपर्यंत काम ठप्प राहते. आणि तो दिवस परीक्षेचा अर्ज भरण्याचा शेवटचा दिवस असू शकतो.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ वीज ‘जाते’ आणि ‘येते’

‘वीजपुरवठा खंडित झाला’ हे वाक्य आपण वर्तमानपत्रात वाचतो. बोलताना आपण ‘लाईट गेली’ म्हणतो. विदर्भात ‘लाईन गेली’, ‘लाईन आली’ असे सर्रास ऐकू येते. या वाक्यांत वीज हीच कर्ता आहे. ती स्वतः जाते, स्वतः येते. कोणी बंद केली, कोणती तार तुटली, कोणता फ्यूज उडाला, यांविषयी वाक्य मौन पाळते. बोलण्याच्या सोयीसाठी हे योग्यच आहे.

‘सर्व्हर डाऊन आहे’ हे याच साच्यातील नवे वाक्य. सेतू केंद्र, रेशन दुकान, बँक अशा सर्व ठिकाणी ते ऐकू येते. सर्व्हर कोठे आहे, तो का बंद आहे, कोणी सुरू करायचा, यांपैकी काहीही त्या वाक्यात नाही. ऐकणारा मुकाट्याने परत फिरतो.

सूचनालेखकाला हे मौन परवडत नाही. प्रत्येक क्रियेचा कर्ता कोण, हे त्याला ठरवावेच लागते. यासाठी प्रथम यंत्राच्या बाजूने काय घडते, ते पाहू.

६.२.२ पंखा फिरू लागतो, संगणक का सुरू होत नाही?

वीज आली की घरातील पंखा आपोआप फिरू लागतो. कारण त्याचे बटण ‘चालू’ याच स्थितीत राहिलेले असते. संगणकाचे बटण तसे नसते. ते दाबले की क्षणभर संकेत देते आणि मूळ जागी परतते. ‘मी चालू होतो’ ही आठवण त्या बटणात राहत नाही. म्हणून वीज आली तरी संगणक स्वस्थ राहतो.

सर्व्हर हाही संगणकच. मात्र इतर संगणकांना सेवा पुरवणारा. ग्रंथालयातील सर्व संगणकांवर दिसणारी पुस्तकांची सूची एकाच सर्व्हरमधून येते. तो आपोआप सुरू होण्यासाठी तीन पातळ्यांवर व्यवस्था करावी लागते.

१. यंत्राची पातळी : संगणकाच्या मुख्य पटलावर बायोस नावाची मूळ आज्ञावली असते. वीज परतल्यावर काय करायचे, हे तिथे ठरवून ठेवता येते.
२. कार्यप्रणालीची पातळी : यंत्र सुरू झाल्यावर डेटाबेस, ग्रंथालयाची प्रणाली यांसारख्या सेवा आपोआप सुरू व्हाव्या लागतात.
३. वीजपुरवठ्याची पातळी : सर्व्हरला यूपीएस जोडलेला असेल, तर यूपीएस आणि सर्व्हर यांचा परस्परांशी मेळ असावा लागतो.

यांपैकी एक पातळी जरी सुटली, तरी सर्व्हर सुरूच होत नाही किंवा ‘सुरू’ असूनही उपयोगाचा नसतो, असे घडू शकते. यंत्राचा दिवा पेटलेला आणि सूची मात्र उघडत नाही, ही स्थिती दुसरी पातळी सुटल्याची खूण आहे.

६.२.३ ‘करणे’ आणि ‘होणे’

पुढील वाक्ये पाहा.

(अ) वीज आल्यावर सर्व्हर सुरू करावा.
(आ) वीज आल्यावर सर्व्हर सुरू करण्यात यावा.
(इ) वीज आल्यावर सर्व्हर सुरू होतो.

(अ) मध्ये माणसाने करायचे काम आहे. पण तो माणूस कोण, हे सांगितलेले नाही. (आ) ही कार्यालयीन मराठीची आवडती रचना. तिच्यात कर्ता केवळ अध्याहृत नसतो, तो जणू पडद्याआड जातो. परिपत्रकात ती खपते. रात्री दोन वाजता एकट्या असलेल्या चौकीदाराला मात्र तिचा उपयोग नाही. (इ) मध्ये क्रिया यंत्राची आहे. वाचकाने काहीच करायचे नाही, एवढेच नव्हे तर काही करू नये, असेही ते वाक्य सुचवते.

मराठीत ‘सुरू’, ‘बंद’, ‘जतन’, ‘पूर्ण’ असे शब्द ‘करणे’ व ‘होणे’ या दोन्ही क्रियापदांशी जोडता येतात. ‘बंद करणे’ सकर्मक, ‘बंद होणे’ अकर्मक. ही जोडी सूचनालेखकाच्या हातातील सर्वांत उपयोगी साधन आहे. स्वयंचलनाचा अर्थच असा, की जे काम पूर्वी माणूस ‘करत’ होता ते आता ‘होते’. म्हणून स्वयंचलित व्यवस्थेच्या सूचना लिहिताना प्रत्येक वाक्यापाशी विचारावे : हे करायचे आहे, की होणार आहे?

‘आपोआप’ या शब्दाबाबतही सावध राहावे. ‘आपोआप’ म्हणजे त्या क्षणी कोणी काही न करता. त्याआधी कोणीही काही केलेले नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. ‘सर्व्हर आपोआप सुरू होतो’ या वाक्यामागे कोणीतरी पूर्वी केलेल्या कामांची एक रांग उभी असते. ती रांग लिहून ठेवणे हेच सूचनालेखन.

६.२.४ पर्यायाचे नाव आणि त्याचा अर्थ

बायोसमधील संबंधित पर्यायाचे नाव कंपनीगणिक बदलते. ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’, ‘आफ्टर पॉवर लॉस’, ‘एसी पॉवर रिकव्हरी’ अशी नावे आढळतात. पहिल्या दोन नावांत वीज ‘जाण्या’चा उल्लेख आहे. प्रत्यक्षात क्रिया घडते ती वीज ‘आल्यावर’. वीज नसताना यंत्र काय करणार? मराठीत शब्दशः ‘वीजहानीनंतर पुनर्स्थापना’ असे लिहिले, तर अर्थबोध होणार नाही. ‘वीज परतल्यावर सर्व्हरने काय करावे?’ असा साधा प्रश्न केला, की पुढील तीन पर्याय उत्तरासारखे वाचता येतात.

• पॉवर ऑफ : बंदच राहावे.
• पॉवर ऑन : सुरू व्हावे.
• लास्ट स्टेट : वीज जाताना जसा होता तसे व्हावे.

तिसरा पर्याय वाचताना सर्वांत शहाणपणाचा वाटतो. वीज अचानक गेली, तर सर्व्हर चालू स्थितीतच बंद पडतो; वीज आल्यावर तो पुन्हा सुरू होतो. पण यूपीएसची बॅटरी संपत आल्यामुळे सर्व्हर आधी रीतसर बंद झाला आणि मग त्याचा वीजपुरवठा तुटला असेल, तर वीज जाताना तो ‘बंद’ होता. त्यामुळे वीज आल्यावरही तो बंदच राहतो. यंत्र येथे शब्दाला जागते. चूक असते ती ‘लास्ट’ म्हणजे नेमके कोणत्या क्षणाचे, हा प्रश्न न विचारण्याची. म्हणून यूपीएस जोडलेल्या सर्व्हरसाठी ‘पॉवर ऑन’ हा पर्याय निवडावा.

आणखी दोन बाबी येथेच नोंदवू. काही संगणक कळफलक जोडलेला नसेल तर ‘अमुक कळ दाबा’ असा संदेश दाखवून थांबून राहतात. रिकाम्या खोलीत ती कळ कोण दाबणार? अशा त्रुटीसाठी थांबू नये, अशी सोयही बहुधा बायोसमध्येच असते. दुसरी बाब मुख्य पटलावरील नाण्याच्या आकाराच्या बॅटरीची. अनेक संगणकांत ती सीआर २०३२ या प्रकारची, ३ व्होल्टची असते. ती संपली की, विशेषतः जुन्या यंत्रांत, घड्याळ चुकते आणि निवडलेले पर्यायही पुसले जाऊ शकतात. ‘गेल्या वर्षीपर्यंत होत होता, आता होत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच कारण असते.

६.२.५ ‘करा’ आणि ‘करून ठेवा’

लिनक्स कार्यप्रणालीत सेवांसाठी दोन वेगळ्या आज्ञा आहेत : ‘स्टार्ट’ आणि ‘इनेबल’. पहिलीने सेवा त्या क्षणी सुरू होते. दुसरीने ती त्या क्षणी सुरू होतेच असे नाही. मात्र यापुढे प्रत्येक वेळी यंत्र सुरू झाले की तीही सुरू होईल, अशी नोंद होते. केवळ ‘स्टार्ट’ वापरून काम भागवले, तर वीज जाईपर्यंत सारे सुरळीत दिसते. वीज येऊन यंत्र सुरू झाले, की सेवा बंद असल्याचे उघड होते. विंडोज प्रणालीत हाच भेद सेवेच्या ‘ऑटोमॅटिक’ व ‘मॅन्युअल’ या प्रकारांतून व्यक्त होतो.

‘इनेबल’साठी ‘सक्षम करा’ हा प्रतिशब्द कोशानुसार बरोबर असला, तरी त्यातून हा भेद कळत नाही. मराठीत त्यासाठी सहज रचना उपलब्ध आहे. ‘दिवा लाव’ आणि ‘दिवा लावून ठेव’, ‘भाजी चिर’ आणि ‘भाजी चिरून ठेव’ या जोड्यांचा विचार करा. ‘ठेवणे’ हे क्रियापद येथे वस्तू ठेवण्याचा मूळ अर्थ सोडून सहायक झाले आहे. आत्ता केलेल्या क्रियेचा परिणाम पुढच्या वेळेसाठी टिकून राहावा, असा अर्थ ते जोडते. म्हणून –

स्टार्ट : सेवा सुरू करा.
इनेबल : यंत्र सुरू झाल्यावर सेवा सुरू होईल, असे करून ठेवा.

दुसरे वाक्य लांब आहे. पण त्यात ‘होणे’ यंत्राकडे आणि ‘करून ठेवणे’ माणसाकडे, अशी कामाची वाटणी स्पष्ट आहे. सूचनालेखनात लांबीपेक्षा ही स्पष्टता मोलाची.

६.२.६ ज्याला वीज गेल्याचे कळतच नाही

आता तिसरी पातळी. यूपीएसची डेटा केबल सर्व्हरला जोडली, की बॅटरी किती उरली हे सर्व्हरला समजते. बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की सर्व्हर रीतसर बंद होतो आणि माहितीची हानी टळते.

पण पुढील क्रम पाहा. वीज जाते. बॅटरी कमी होते. सर्व्हर बंद होऊ लागतो. नेमक्या त्याच वेळी वीज परत येते. यूपीएस भिंतीवरची वीज घेऊन सर्व्हरला पुरवठा चालूच ठेवतो. सर्व्हर पूर्ण बंद होतो आणि बंदच राहतो. कारण त्याच्या बाजूने वीज कधी गेलीच नाही. मग ‘परतणार’ कशी? ‘वीज परतल्यावर सुरू हो’ ही आज्ञा जिच्यावर अवलंबून आहे, ती घटनाच घडलेली नाही.

यावरील उपाय असा : बंद होताना सर्व्हरने यूपीएसला आज्ञा द्यावी, की थोड्या वेळाने तू स्वतःचा पुरवठा तोड आणि वीज असेल तर पुन्हा सुरू कर. ‘नेटवर्क यूपीएस टूल्स’सारख्या मुक्त आज्ञावलीत ही सोय आहे; मात्र यूपीएसही ती मानणारा हवा. तसेच, आपल्याकडे वीज एकदम स्थिर परतत नाही. येते, जाते, पुन्हा येते. म्हणून बॅटरी थोडी भरेपर्यंत यूपीएसने पुरवठा देऊ नये, अशी मुदतही काही यूपीएसमध्ये ठरवता येते.

भाषेच्या अभ्यासकाने येथे एक गोष्ट टिपावी. ‘वीज गेली’ हे वाक्य अपुरे आहे. कोणाची वीज गेली – भिंतीवरची, यूपीएसची, की सर्व्हरची? दैनंदिन बोलण्यात एकच वीज असते. सूचनेत तिचे तीन टप्पे वेगळे नावाने सांगावे लागतात.

६.२.७ शब्दांची निवड

२००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन झाले. महानिर्मिती, महापारेषण, महावितरण ही त्यातून आलेली नावे. त्यांपैकी ‘महावितरण’ आज शेतकऱ्याच्याही तोंडी आहे. ‘भारनियमन’ हा घडवलेला शब्दही असाच रुळला. याउलट ट्रान्सफॉर्मरसाठी ‘रोहित्र’ हा शब्द बातमीत टिकला. गावात मात्र ‘डीपी जळाली’ असेच म्हणतात. शब्द मराठी की परका, यावर तो रुळणे अवलंबून नसते. तो रोजच्या व्यवहारात किती वेळा कामी येतो, यावर असते.

सूचनालेखकाने तीन नियम पाळावेत. पहिला, वाचकाच्या तोंडी असलेला शब्द वापरावा : सर्व्हर, बॅटरी, केबल, बटण. दुसरा, पडद्यावर जे नाव दिसते ते बदलू नये. अवतरणचिन्हांत तसेच द्यावे आणि अर्थ मराठीत सांगावा. ‘पॉवर ऑन’ऐवजी ‘ऊर्जा चालू’ लिहिले, तर पडद्यावर तो शब्द शोधूनही सापडणार नाही. तिसरा, एका वस्तूला शेवटपर्यंत एकच नाव द्यावे. निबंधात पुनरुक्ती टाळतात. सूचनेत ती आवश्यक असते. एकदा ‘बटण’, एकदा ‘कळ’, एकदा ‘स्विच’ लिहिल्यास वाचक तीन वस्तू शोधतो.

६.२.८ नमुना सूचनापत्रक

एका ग्रंथालयातील सर्व्हरसाठी तयार केलेला हा काल्पनिक नमुना आहे. त्याचे दोन भाग वाचकानुसार केले आहेत.

भाग अ : तंत्रज्ञाने एकदाच करून ठेवण्याची कामे
१. सर्व माहितीचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या.
२. बायोसमध्ये ‘आफ्टर पॉवर लॉस’ किंवा त्या अर्थाच्या नावापुढे ‘पॉवर ऑन’ निवडा व जतन करा.
३. कळफलक जोडलेला नसला तरी सर्व्हर थांबणार नाही, असे करून ठेवा.
४. डेटाबेस आणि ग्रंथालय प्रणाली या दोन्ही सेवा ‘इनेबल’ करून ठेवा. डेटाबेस आधी व प्रणाली नंतर सुरू होईल, असा क्रम लावा.
५. यूपीएसची डेटा केबल जोडा. बॅटरी कमी झाल्यावर सर्व्हर रीतसर बंद होईल आणि त्यानंतर यूपीएस स्वतःचा पुरवठा तोडेल, असे करून ठेवा.
६. ग्रंथालय बंद असताना दोन चाचण्या घ्या. पहिलीत भिंतीवरचे बटण बंद करा, सर्व्हर बंद होऊन यूपीएस पुरवठा तोडेपर्यंत थांबा आणि मग बटण चालू करा. दुसरीत सर्व्हर बंद होत असतानाच ते चालू करा. दोन्ही वेळा सर्व्हर आपोआप सुरू झाला पाहिजे.

भाग आ : वीज आल्यावर परिचराने पाहायचे
१. सर्व्हर आपोआप सुरू होतो. त्याचे बटण दाबू नका. पंधरा मिनिटे थांबा.
२. कोणत्याही संगणकावर पुस्तकांची सूची उघडून पाहा. उघडली, तर वेळ नोंदवहीत लिहा. आणखी काही करायचे नाही.
३. सूची उघडली नाही, तर सर्व्हरचा दिवा पाहा.
 – दिवा पेटलेला असेल, तर बटणाला हात न लावता तंत्रज्ञाला फोन करा.
 – दिवा विझलेला असेल, तर यूपीएसचा दिवा पेटला आहे ना, ते पाहा. पेटला असेल, तर सर्व्हरचे बटण एकदा दाबून लगेच सोडा. दाबून धरू नका.
 – दोन्ही दिवे विझलेले असतील, तर तंत्रज्ञाला फोन करा.
४. सर्व्हरवर तारीख चुकीची दिसली, तर तेही तंत्रज्ञाला सांगा.

भाग आ मधील पहिल्याच कलमात नकारार्थी सूचना आली आहे, हे लक्षात घ्या. सुरू होत असलेल्या सर्व्हरचे बटण घाईने दाबल्यास तो पुन्हा बंद होऊ शकतो. दाबून धरल्यास तो रीतसर बंद न होता तत्काळ बंद पडतो. जिथे ‘होणार’ आहे तिथे माणसाने ‘करू’ नये, हे सांगणे तितकेच महत्त्वाचे.

६.३ सारांश

वीज गेल्यानंतर सर्व्हर आपोआप सुरू होण्यासाठी बायोस, सेवा आणि यूपीएस या तीन पातळ्यांवर पूर्वतयारी लागते. या व्यवस्थेची सूचना लिहिताना कर्ता निश्चित करणे हे लेखकाचे पहिले काम. ‘करणे’ माणसाकडे, ‘होणे’ यंत्राकडे आणि ‘करून ठेवणे’ या दोहोंना जोडणारे, असा भेद मराठी क्रियापदांतून नेमका व्यक्त होतो. तांत्रिक विषय मराठीत मांडता येत नाहीत, ही समजूत बहुधा नामांच्या अडचणीवर उभी असते. नामे उसनी घेता येतात; सूचना चालते ती क्रियापदांवर, आणि ती मराठीकडे भरपूर आहेत.

६.४ पारिभाषिक शब्द

बायोस : संगणक सुरू होताना सर्वप्रथम चालणारी मूळ आज्ञावली.
सेवा : पार्श्वभूमीत सतत चालणारी व इतरांना माहिती पुरवणारी आज्ञावली.
यूपीएस : वीज गेल्यावर बॅटरीतून काही काळ वीज पुरवणारे उपकरण.
सहायक क्रियापद : धातुसाधिताला जोडून येणारे व क्रियेच्या अर्थात भर घालणारे क्रियापद.

६.५ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. यूपीएस जोडलेल्या सर्व्हरसाठी ‘लास्ट स्टेट’ हा पर्याय का टाळावा?
२. ‘सर्व्हर सुरू करण्यात यावा’ या वाक्यात सूचना म्हणून कोणता दोष आहे?
३. ‘सेवा सुरू करा’ आणि ‘सेवा सुरू होईल असे करून ठेवा’ यांतील फरक सांगा.

उत्तरे : १. सर्व्हर आधी रीतसर बंद झालेला असल्याने ‘शेवटची स्थिती’ बंद ही ठरते व वीज आल्यावरही तो बंदच राहतो. २. काम कोणी करायचे, हे सांगितलेले नाही. ३. पहिल्यात क्रिया त्या क्षणापुरती आहे. दुसऱ्यात तिचा परिणाम पुढील प्रत्येक वेळेसाठी टिकतो.

६.६ स्वाध्याय व क्षेत्रीय कार्य

१. ‘सूचनालेखनातील कर्त्याचे स्थान’ या विषयावर ३०० शब्दांत टिपण लिहा.
२. तुमच्या गावातील पाणीपुरवठ्याचा पंप, पिठाची गिरणी किंवा दूध संकलन केंद्रातील यंत्र वीज आल्यावर कसे सुरू होते, ते चालकाला विचारा. त्याने वापरलेली क्रियापदे जशीच्या तशी टिपून घ्या आणि त्यांच्या आधारे एका पानाचे सूचनापत्रक लिहा. ते त्याच चालकाला वाचायला द्या. तो जिथे अडखळेल, तिथे वाक्य बदला.